चोर बीटी आणि बंदरावरचा पहारा

अकोला-अमरावतीकडे कपाशीच्या हंगामात गेल्या काही वर्षांपासून एक शब्द सर्रास ऐकू येतो : 'चोर बीटी'. तणनाशक फवारले तरी न मरणारे, पण केंद्र शासनाची परवानगी नसलेले कपाशीचे बियाणे असा त्याचा अर्थ. शासकीय परिपत्रकात तेच बियाणे 'अनधिकृत एचटीबीटी' होते आणि शेतकरी संघटनेच्या पत्रकात 'तंत्रज्ञान'. लोकांनी मात्र त्याला चोर म्हटले, आणि चोर म्हणूनही पेरले. मराठीच्या वर्गात शब्दाचा विग्रह करण्याची आपल्याला खोड असते, म्हणून विचारतो : हा कर्मधारय की षष्ठी तत्पुरुष? कर्मधारय घेतला तर बीटीच चोर. तत्पुरुष घेतला तर ती चोराची बीटी, मग चोर कोण, हा प्रश्न उरतोच. पेरणारा? रात्रीतून पाकिटे पोचवणारा? की ज्याच्या पहाऱ्यातून ते बियाणे देशात आले आणि पसरले तो पहारेकरी?

हा प्रश्न नुसता शाब्दिक नाही. १० जून २०१९ रोजी अकोट तालुक्यातील अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने जाहीर सत्याग्रह करून हे बियाणे उघडपणे पेरले. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली त्या वेळी अशा पेरणीला पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड, अशी तरतूद होती. गुन्हे दाखल झाले. वृत्तपत्रांतून दोन तट पडले : एकीकडे तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य, दुसरीकडे जैवसुरक्षा. दोन्ही तटांवरून बोलणारे बरेच काही बरोबर बोलत होते. परंतु 'जैवसुरक्षा' हा शब्द ज्या सहजतेने वापरला गेला, त्याबद्दल मला तेव्हाही शंका होती आणि आजही आहे. सुरक्षा म्हटली की कोणाची, कोणापासून आणि कोणाच्या हुकमाने, हे तीन प्रश्न येतात. या सामासिक शब्दात त्यांपैकी एकाचेही उत्तर नाही. ते शोधायचे तर इतिहासात जावे लागते, आणि योगायोग असा की तो इतिहास कापसाचाच आहे.

भारतात पीकसंरक्षणासाठी बंदरावर पहिला पहारा बसला तो कापसाच्या गाठींवर. बोंडे पोखरणारा मेक्सिकन सोंडकिडा १८९२च्या सुमारास सीमा ओलांडून टेक्सासात शिरला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत त्याने अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापूसपट्ट्याची दैना केली. (अलाबामातील एंटरप्राइज या गावाने पुढे १९१९ साली त्या किड्याचेच स्मारक उभारले. त्याच्यामुळे आपण कापूस सोडून भुईमुगाकडे वळलो आणि सुखी झालो, ही त्यामागची कृतज्ञता. आपल्याकडे बोंडअळीचे स्मारक उभारण्याची कल्पनाही कोणी करणार नाही.) हा किडा अमेरिकन कापसाच्या गाठींतून हिंदुस्थानात येईल या भीतीने १९०६ साली आयात कापसाला धुरी देणे सक्तीचे झाले. त्यातूनच १९१४चा 'विनाशकारी कीटक व कीड कायदा' आला. आजचे वनस्पती विलगीकरणाचे नियम, म्हणजे २००३चा आदेश, त्याच कायद्याच्या पायावर उभे आहेत. शंभरहून अधिक वर्षे झाली तरी मेक्सिकन सोंडकिडा भारतात शिरलेला नाही. वसाहतकालीन कायद्यांकडे संशयाने पाहण्याची आपल्याला सवय असली, तरी हा पहारा यशस्वी झाला हे मान्य केले पाहिजे. त्याचा लाभ वऱ्हाडच्या पऱ्हाटीलाही मिळाला.

पण याच काळात दुसऱ्या दिशेने काय चालले होते? गुलाबी बोंडअळी, जिला आपल्याकडे शेंदरी अळीही म्हणतात, शास्त्राला प्रथम कळली ती भडोचहून मिळालेल्या नमुन्यांवरून. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ सॉन्डर्स याने १८४३ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती हिंदुस्थानी सरकीबरोबर इजिप्तला पोचली असे मानले जाते; इजिप्तच्या सरकीबरोबर १९११ साली मेक्सिकोत आणि १९१७ साली टेक्सासात. म्हणजे ज्या वर्षांत त्यांचा किडा आपल्याकडे येऊ नये म्हणून मुंबईत गाठींना धुरी दिली जात होती, त्याच वर्षांत आपली अळी सरकीच्या पोत्यांत बसून जगप्रवासाला निघाली होती. आत येणाऱ्या गाठीकडे जितक्या बारकाईने पाहिले गेले, तितके बाहेर जाणाऱ्या सरकीकडे कोणी पाहिले नाही. पुढे अमेरिकेने या अळीविरुद्ध दीर्घ मोहीम चालवली. नपुंसक केलेले पतंग सोडणे, कामगंध, बीटी कपाशी आणि ठरलेल्या मुदतीत पऱ्हाट्या जमिनीत गाडण्याची सक्ती, असे सगळे उपाय एकत्र वापरून २०१८ साली आपल्या कापूसक्षेत्रातून ती अळी हद्दपार झाल्याचे त्या देशाने जाहीर केले. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१७ साली, विदर्भातील कपाशी याच अळीने पोखरली होती. बोंड फोडले की आत कापसाऐवजी किडकी सरकी आणि पिवळी कवडी, हे त्या वर्षी ज्यांनी पाहिले त्यांना पुन्हा सांगायला नको.

वऱ्हाड आणि नियमन यांचे नाते याहूनही जुने आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांचा कच्चा माल तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी जागतिक महत्त्व आले. आगगाडी आली, १८७०मध्ये खामगावला खास फाटा काढला गेला. मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारात आपला कापूस 'ऊमरा' या नावाने ओळखला जाई. हे उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे, व्यापारी जिभेवर झालेले रूप. आज वाशीम जिल्ह्यात असलेल्या कारंजा येथे १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली, आणि १८९७ साली वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. बाजार समित्यांच्या इतिहासाचे कोणतेही पाठ्यपुस्तक येथूनच सुरू होते. आपण ते अभिमानाने सांगतो. त्या नियमनाचा हेतू मात्र फारसा सांगत नाही : गिरण्यांना भेसळ नसलेला कापूस वाजवी दरात मिळावा. समित्यांवर वर्चस्व होते ते व्यापाऱ्यांचे. १९२३चा कापूस वाहतूक कायदाही असाच : चांगल्या कापसाच्या प्रदेशात हलका कापूस शिरू नये आणि भेसळ होऊ नये म्हणून प्रांतांतर्गत हद्दी आखल्या गेल्या. हेतू वाईट नव्हता. शुद्धता ही पिकवणाऱ्याच्याही फायद्याची असू शकते. पण काय शुद्ध आणि काय अशुद्ध हे ठरवण्याचा अधिकार पहिल्यापासून खरेदीदाराच्या बाजूला राहिला. 'जैवसुरक्षा' आणि 'व्यापार नियमन' या दोन वेगळ्या विद्याशाखा आहेत, असे आता वाटते. वऱ्हाडच्या अनुभवात त्या एकाच दरवाजाच्या दोन फळ्या आहेत.

स्वातंत्र्यानंतर पहारेकरी आपले झाले, दरवाजाचे वळण तेच राहिले. याचा सर्वांत ठळक पुरावा कोणत्याही धुऱ्यावर, शाळेच्या मैदानावर, आमच्या महाविद्यालयांच्या आवारातसुद्धा उभा आहे : गाजरगवत. पुण्यात १९५५-५६च्या सुमारास ते ठळकपणे नोंदले गेले आणि पाहता पाहता देशभर पसरले. लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' असे नाव दिले. अमेरिकेच्या पी. एल. ४८० कराराखाली आलेल्या गव्हातून ते आले, ही समजूत घरोघरी आहे. तारखा तपासू गेल्यास थोडी अडचण होते, कारण तो करार ऑगस्ट १९५६चा. अर्थात अमेरिकन गहू १९५१च्या कर्जापासूनच येत होता. वनस्पतिशास्त्रज्ञांनी याचा निकाल लावावा. भाषेच्या अभ्यासकाला रस आहे तो वेगळ्या गोष्टीत : शासनाच्या दप्तरात जी जबाबदारी कोठेच नोंदली गेली नाही, ती लोकांनी तणाच्या नावात नोंदवून ठेवली. भुकेल्या देशाने धान्य मागवले, धान्याबरोबर आणखी काय येते ते पाहिले गेले नाही, आणि ते उपटण्याचे काम निंदणाऱ्या बायांच्या वाट्याला आले. पुढे १९८०च्या दशकात हे गवत खाणारे भुंगेरे मुद्दाम मेक्सिकोतून आणून सोडावे लागले. ज्या देशाचा किडा येऊ नये म्हणून पहिला पहारा बसवला, त्याच देशाचा किडा आपण अखेर निमंत्रण देऊन आणला. ते चुकले असे मी म्हणत नाही. त्या भुंगेऱ्यांचा उपयोग झाला. बाहेरचे ते सारे वाईट, ही जैवसुरक्षेची व्याख्या टिकत नाही, एवढाच मुद्दा.

तसे पाहिले तर वऱ्हाडच्या शेतात 'बाहेरचे' नाही असे काय उरले आहे? आज पेरली जाणारी बहुतेक कपाशी मूळ अमेरिकन जातीच्या संकरातून आलेली; आपल्या आखूड धाग्याच्या देशी कपाशीचे क्षेत्र आकसत आकसत नाममात्र राहिले. सोयाबीन मूळ चीनचे, येथे स्थिरावले ते गेल्या चार दशकांत. मिरची, भुईमूग, मका दक्षिण व मध्य अमेरिकेतले. वरूड-मोर्शीचा संत्रासुद्धा भोसल्यांनी औरंगाबादकडून नागपूरला आणला असे सांगतात. 'राष्ट्राची शेती' ही काही गढीच्या आत जपून ठेवलेली वस्तू नाही. म्हणून स्वदेशीच्या नावाने दारे लावून घ्या म्हणणाऱ्यांशी माझे जमत नाही. दार उघडते आणि उघडावेही लागते. कोणाच्या सोयीने व कोणत्या वेळी उघडावे, यावर वाद घातला पाहिजे.

बीटी कपाशीचीच गोष्ट घेऊ. मार्च २००२मध्ये तिला परवानगी मिळाली; त्याआधी २००१ साली गुजरातेत अनधिकृत बीटी उघडकीस आली होती, म्हणजे चोर आधी आला आणि परवाना मागाहून. २००६ साली दोन जनुकांची सुधारित बीटी आली. अळीला या विषाची सवय होऊ नये म्हणून एक नियम केला होता : बीटीच्या ४५० ग्रॅम पाकिटासोबत बिगरबीटीचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट, ते शेताच्या कडेने लावायचे. त्यावर जगणाऱ्या अळ्या विषाला सरावलेल्या अळ्यांशी मिसळाव्यात आणि सराव पुढच्या पिढीत पातळ व्हावा, ही त्यामागची योजना. शास्त्रदृष्ट्या उत्तम. पण पाच एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला आपणच आपल्या कडेचे तास अळीसाठी राखून ठेवायचे, हे कोण समजावणार होते? ते छोटे पाकीट बहुतेकांनी फेकून दिले. २०१० साली गुजरातमधील चार जिल्ह्यांत गुलाबी अळी पहिल्या बीटीला पुरून उरल्याचे खुद्द कंपनीनेच मान्य केले, आणि पुढच्या पाच-सात वर्षांत दुसऱ्या बीटीचीही तीच गत झाली. चर्चेत दोष कोणाला दिला गेला? ज्याने पाकीट फेकले त्याला.

आता 'फरदड' हा शब्द घेऊ. हंगाम संपल्यावर, डिसेंबरनंतरही पऱ्हाटी उभी ठेवून, जमल्यास एखादे पाणी देऊन, फेब्रुवारी-मार्चपर्यंत जो जादा कापूस घेतात तो फरदड. गुलाबी अळीचे सगळे जीवनचक्र या फरदडीवर आणि जिनिंगमध्ये पडून राहिलेल्या सरकीवर तगते. फरदड घेऊ नका, असे अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि कृषी विभाग दरवर्षी कळकळीने सांगतात. ते बरोबरच आहे. तरी शेतकरी फरदड घेतो, आणि त्याचे कारण अज्ञान नव्हे. २०२१-२२च्या हंगामात कापसाचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या पुढे गेला. असा भाव पुन्हा केव्हा दिसेल याचा भरवसा नसल्याने जेथे पाणी होते तेथे पऱ्हाट्या उभ्या राहिल्या. उलट ज्या वर्षी पहिल्या वेच्याला भाव नसतो, त्या वर्षी निदान खर्च तरी निघावा म्हणून त्या उभ्या राहतात. भाव चढा असो वा पडका, पुढच्या वर्षाची खात्री नाही एवढ्या एका कारणाने अळीला घर मिळते. बांधावरची जैवसुरक्षा ही अशी थेट बाजारभावाशी बांधलेली आहे. कीटकशास्त्राच्या पुस्तकात हे प्रकरण नसते आणि अर्थशास्त्राच्या पुस्तकातही नसते, म्हणून ते कोणाच्याच अभ्यासक्रमात येत नाही.

भाव कोण हलवतो? पाऊस हलवतो, जागतिक बाजार हलवतो, हे खरे. त्याबरोबर बंदरावरची एक अधिसूचनाही हलवते. फेब्रुवारी २०२१च्या अर्थसंकल्पात आयात कापसावर एकूण ११ टक्के शुल्क बसले. एप्रिल २०२२मध्ये ते काढले आणि ही सवलत ऑक्टोबरपर्यंत चालली. १९ ऑगस्ट २०२५ रोजी शुल्क पुन्हा काढले गेले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत. मग दहा दिवसांच्या आत मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. अमेरिकेने भारतीय मालावर जबर कर लावला होता, तयार कपड्यांच्या निर्यातदारांना दिलासा हवा होता, हे कारण समजण्यासारखे आहे. तिरुपूरच्या कामगाराचे पोटही पोटच आहे. पण ही तारीख वऱ्हाडच्या पंचांगात ठेवून पाहा. पेरणी जूनमध्ये झालेली. बियाणे, खत, निंदण, फवारणी यांचे पैसे घातलेले. ऑक्टोबरमध्ये, दसरा-दिवाळीच्या तोंडावर पहिला वेचा घरात येणार. नेमक्या त्या तिमाहीत दार सताड उघडे. त्या हंगामाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये जाहीर झालेला होता. पण हमीभाव मिळतो तो सीसीआयच्या केंद्रावर, नोंदणी, ओलावा आणि रांग यांतून पार पडल्यावर. ज्याला दिवाळीआधी उधारी फेडायची आहे तो रांगेत थांबत नाही.

सोयाबीनचे उदाहरण मला याहून बोलके वाटते, कारण त्यात जैवसुरक्षा आणि व्यापार या दोन्ही फळ्या एकदम दिसतात. जनुकीय बदल केलेले सोयाबीन भारतात पेरता येत नाही. त्याला परवानगी नाही. तेच सोयाबीन अर्जेंटिनात वा ब्राझीलमध्ये पिकून तेलाच्या रूपाने आले तर चालते. आपल्या स्वयंपाकघरांत ते वर्षानुवर्षे येते आहे. ऑगस्ट २०२१मध्ये सोयाबीनचा भाव दहा हजारांच्या आसपास गेला, कोंबडीखाद्याचे उद्योग हवालदिल झाले, आणि २४ ऑगस्टला जनुकीय सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास मुभा मिळाली. नवे पीक बाजारात येईतो भाव सहा हजारांच्या खाली उतरला. घसरणीला केवळ आयातच जबाबदार नसेल. नवी आवक आली की भाव उतरतोच. तरी प्रश्न राहतो. पेंडीला अंकुर फुटत नाही, म्हणून तिच्यापासून शेताला धोका नाही, हा शास्त्रीय खुलासा मला मान्य आहे. मग पिकवणाऱ्याला जे तंत्र वर्ज्य, त्याच तंत्राने पिकलेल्या स्वस्त मालाशी त्याने स्पर्धा करावी, याला कोणता खुलासा आहे? अकोली जहाँगीरच्या शेतात जो राग पेरला गेला तो याच विसंगतीतून उगवलेला.

शेतकरी संघटनेचे उत्तर सरळ आहे : दोन्ही फळ्या काढून टाका, तंत्रज्ञान खुले, व्यापार खुला. शरद जोशींच्या मांडणीचा वऱ्हाडवर केवढा प्रभाव पडला आणि का पडला, हे कापूस एकाधिकार खरेदी योजना आठवल्याशिवाय कळत नाही. १९७२पासून सुमारे तीस वर्षे महाराष्ट्रात कापूस शासनालाच विकायचा, राज्याच्या सीमेपलीकडे नेला तर गुन्हा, अशी स्थिती होती. आपल्याच शेतातला कापूस रात्री गाडीत भरून लगतच्या राज्यात नेणारा शेतकरी चोरटा ठरला. म्हणजे 'चोर' हे विशेषण येथे नवे नाही. बियाण्याच्या आधी ते कापसाला लागून झालेले आहे. ज्या माणसाला नियमन नेहमी नाक्यावरच्या शिपायाच्या रूपानेच भेटले, त्याने नियमनच नको म्हटले तर त्याला दोष देणे अवघड.

तरीही मी त्या उत्तरापर्यंत जाऊ शकत नाही. चोर बीटीचे पाकीट निकृष्ट निघाले तर दाद कोठे मागायची? पावती नाही, कंपनीचे नाव खोटे. तण तणनाशकाला सरावले तर काय, याचे उत्तर अळीने आधीच देऊन ठेवले आहे. आणि निंदणाचा प्रश्न दोन्ही बाजूंनी बोचतो. श्रावणाची झड लागली, आठ-आठ दिवस वाफसा नाही, तण कपाशीच्या वर गेले, मजूर मिळत नाही : अशा वेळी तणनाशकाची बाटली शेतकऱ्याला मुक्ती वाटते. त्याच निंदणाच्या रोजावर भूमिहीन बाईचा पावसाळा निघतो. आपल्या कवितेने निंदणाची गाणी जितक्या हौसेने गोळा केली, तितक्या हौसेने त्या बाईला कोणी विचारले नाही की तिला हे काम हवे की नको. बेकायदा बियाण्याच्या बाजारात हा प्रश्न विचारायला जागाच नाही. जे चोरून होते त्यावर चर्चा होत नाही, चाचणी होत नाही. विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर ज्याची कसोटी लागायला हवी, ते थेट कोरडवाहू शेतकऱ्याच्या एकुलत्या शेतात जोखले जाते.

आपल्या वाङ्मयाबद्दल एक गोष्ट नोंदवून ठेवतो. उद्धव शेळके यांच्या 'धग'पासून सदानंद देशमुख यांच्या 'बारोमास'पर्यंत वैदर्भीय कादंबरीने दारिद्र्य, कर्ज, कुटुंबाची पडझड ताकदीने लिहिली. ग्रामीण साहित्याच्या समीक्षेने मात्र संकटाचे दोनच स्रोत गिरवले : निसर्ग आणि सावकार. अधिसूचना हे पात्र आपल्या समीक्षेला दिसत नाही. सोंडकिड्याला अडवणारी धुरी, कारंज्याचा वजनकाटा, सरकीचे जहाज, ऑगस्टमधले परिपत्रक यांचाही शेतकऱ्याच्या नशिबात वाटा आहे, आणि 'नशीब' हा शब्द वापरून आपण तो झाकून टाकतो. विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी विषय सुचवताना मी अलीकडे तण, किडी आणि बियाणी यांची वऱ्हाडी नावे गोळा करायला सांगतो. त्या नावांत कोण, कोठून, कोणी आणले, याची बरीच साक्ष पडून आहे.

मार्च २०१३मध्ये लोकसभेत कृषी जैवसुरक्षा विधेयक मांडले गेले होते. १९१४चा कायदा मोडीत काढून एक स्वतंत्र प्राधिकरण नेमावे, अशी त्यात योजना होती. लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. ते पुन्हा आणायचे झाले तर किडींच्या याद्या आणि प्रयोगशाळा यांच्यावर तज्ज्ञ बोलतीलच. कोरडवाहू भागातून एकच मागणी पुढे यायला हवी, असे मला वाटते, आणि ती वेळापत्रकाची आहे.

गुलाबी अळीची साखळी तुटावी म्हणून महाराष्ट्रात मध्यंतरी एक शिस्त लावली गेली होती : हंगामपूर्व लागवड होऊ नये यासाठी कपाशीचे बियाणे १ जूनच्या आधी शेतकऱ्याला विकायचे नाही. ज्यांच्याकडे विहिरीला पाणी होते त्यांची यात गैरसोय झाली, कुरकुरही झाली; तरी शास्त्राला धरून असल्याने ही शिस्त बऱ्यापैकी पाळली गेली. मग अशीच एक तारीख बंदरालाही का नसावी? कापूस, सोयाबीन, तूर यांच्या आयातीवर किती शुल्क, किती मुभा, कोणत्या अटीवर, हे पेरणीच्या आधी, मेअखेर जाहीर व्हावे आणि त्या वर्षीचा माल शेतकऱ्याच्या घरातून निघेपर्यंत त्याला हात लावू नये. अपवाद करायचाच झाला तर त्याची झळ मोजून भरपाई त्याच अधिसूचनेत लिहिलेली असावी. गिरणीवाल्यांना अशी शिस्त जाचक वाटेल. त्यांनी अकोटच्या शेतकऱ्याला विचारावे, ३१ मेपर्यंत पाकिटासाठी थांबणे कसे होते.